जातीच्या रकान्यात माझं अक्षर

पुना,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हा बाई, हा बाई" करतोस, मागून ट्रकचा हॉर्न वाजतो आणि मला विषय बदलायला निमित्त मिळतं. म्हणून कागद घेतला. शिवाय तुझी गोष्ट चार लोकांनी वाचावी असं मला वाटतं, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही मधूनमधून सांगेन. कंटाळू नकोस. शाळेतही तू माझ्या तासाला कंटाळायचास, पण झोपायचा नाहीस, एवढं श्रेय तुला देते.

सुरुवात १९७४ च्या जूनपासून करायला हवी, कारण चूक तिथे झाली. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, म्हणजे तसं मीच ठरवलं. तुझा बाप वना तुला खांद्यावर घेऊन शाळेत आला. जन्मतारीख विचारली तर म्हणाला, पोळ्याच्या पुढेमागे, विहिरी आटल्या होत्या त्या साली. मी एक जून लिहून टाकली. भिलाटीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या तुमच्या वस्तीतल्या, सगळ्याच मुलांची मी एक जून लिहिली. अजूनही त्या दिवशी माझ्या अकरा विद्यार्थ्यांचा वाढदिवस असतो आणि एकाचाही खरा नसतो.

मी सव्वीस वर्षांची होते. धुळ्याला समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं, मग डी.एड., आणि सोनगीरजवळच्या तुमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक. डोक्यात पुस्तकं ताजी होती. शाळेत मोठे गुरुजी होते. ते हजेरी घ्यायचे तेव्हा गावातल्या मुलांची नावं सरळ वाचायचे आणि भिलाटीतल्या मोठ्या मुलांवर आले की "अमका भिल... तमका भिल..." असं थांबून थांबून. त्या शेवटच्या शब्दावर आवाज असा काही टाकायचे की वर्ग हसायचा. पाण्याच्या माठापाशी ती मुलं दिसली की पुन्हा तोच आवाज. मला त्या आवाजाचा संताप यायचा, पण मी नवीन, आणि बाई. बोलणार कुणाला?

त्या जूनमध्ये गुरुजी मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि प्रवेशाची नोंदवही माझ्या हातात आली. मी वनाला विचारलं, तुमचं कूळ कोणतं? तो म्हणाला, सोनवणे. मी आडनाव लिहिलं सोनवणे. पुढचा रकाना जातीचा. तो म्हणाला, भिल. तिथे लिहिलं "हिंदू", आणि पुढे काही नाही. अकरा वेळा लिहिलं, निळ्या-काळ्या शाईने, वळणदार. वनाने अंगठा उठवला आणि माझ्याकडे बघून हसला. आपण काय केलं हे त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं असं मला वाटत होतं.

गुरुजी परत आले, चिडले, पण शाईचं खोडता येईना. त्यांना "पुना सोनवणे" असा पुकारा करावा लागला. पहिल्या दिवशी तू "हजर" म्हणालाच नाहीस, कारण ते नाव तुझं आहे हे तुला ठाऊक नव्हतं. मग मी तुम्हा अकरा जणांना बाजूला घेऊन शिकवलं, कुणी विचारलं तुम्ही कोण, तुमच्यात काय काय करतात, तर मान वर करून सांगायचं, आम्ही सगळ्यांसारखेच. तुम्ही कवितेसारखं ते पाठ केलंत. पुढे अठ्ठेचाळीस वर्षं मी ही हकीकत भाषणांत सांगत आले. टाळ्याही घेतल्या.

तू सातवीपर्यंत शिकलास आणि हायवेला लागलास. सोनगीर फाट्यावर एका केरळी माणसाच्या हाताखाली टायर काढायला शिकलास, तो गेल्यावर दुकान तुझं झालं. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, हवेची टाकी, ट्यूब बुडवायला पाण्याचं अर्धं पिंप आणि पाठीमागे किल्ल्याची टेकडी. कुंदाबाईशी लग्न झालं, तीन मुली झाल्या. दोघींची लग्नं लवकर उरकलीस, त्याबद्दल मी तुला बोलले होते, ते परत बोलत नाही. तिसरी मोनाली. ती दर रविवारी एस.टी.ने धुळ्यात देवपूरला माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. बारावी सायन्सला चांगले मार्क मिळाले आणि तिने नर्स व्हायचं ठरवलं. मी नाही ठरवलं. हे एक तरी माझ्या अंगावर नाही.

आता २०२२ चा जुलै. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आदिवासी समाजातली एक बाई देशाच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर निवडून आली. मी टीव्हीसमोर एकटीच होते. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मी तुला फोन लावला. तू विचारलंस, "याले मतं कोन देस, बाई?" मी सांगितलं, आमदार-खासदार देतात, आपण नाही. "मंग आमले काय करनं?" मी म्हटलं, आनंद करायचा, मूर्खा.

आणि तुम्ही केलात. भिलाटीत ढोल वाजले, गुलाल उडाला, बायका नाचल्या. तुझ्या दुकानातली गंमत तू मला नंतर सांगितलीस. रावेरहून केळी घेऊन निघालेला एक ड्रायव्हर थांबला आणि म्हणाला, "काय राष्ट्रपतीसाहेब, मागच्या टायरची हवा बघता का?" झालं, नाव पडलं. संध्याकाळपर्यंत फाट्यावरचे सगळे तुला राष्ट्रपतीच म्हणायला लागले. कुणी म्हणे, आता पाना खाली ठेव आणि दिल्ली गाठ. तू म्हणालास, "दिल्लीन्या गाड्या बी पंक्चर व्हतसच ना, भाऊ." सांगताना तू हसत होतास. मला मोठ्या गुरुजींचा आवाज आठवला. पण तू हसत होतास.

शिकलेल्या लोकांत काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. आम्हा निवृत्त शिक्षकांचा मोबाइलवर एक गट आहे. पहिल्या दिवशी हात जोडलेली चित्रं आणि लोकशाहीचा विजय. दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याकडच्या एका मास्तरांनी लिहिलं, सर्वोच्च खुर्ची मिळाली, आता तरी राखीव जागा बंद करा. खाली अठरा अंगठे. मी लिहिलं, एक खुर्ची आणि अठरा अंगठे एवढ्यात हिशेब मिटला का? तर गटप्रमुखांनी मलाच कळवलं की गटात राजकारण आणू नये.

मग कुसुमलताचा फोन. माणकचंद शेठच्या कापडदुकानाची ही मालकीण, आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. मनाने चांगली आहे, हे आधी सांगते, कारण पुढे तसं वाटणार नाही. तिने मला विचारलं, "अक्का, आपण पण एका आदिवासी मुलीचा सत्कार करू. तुमच्याकडे रविवारी ती येते ना, काळीसावळी, हुशार?" टीव्हीवर दिसल्या त्या बाई किती साध्या, अगदी आपल्या घरातल्या वाटतात, असंही म्हणाली. मी विचारलं, घरातल्या म्हणजे कोण? सासूबाईंसारख्या, की भांडी घासायला येणाऱ्या बाईसारख्या? ती म्हणाली, "तुम्ही ना, अक्का." मी मोनालीचं नाव दिलं. ओळखीपाळखी वाढतील, प्रवेशाला उपयोग होईल, असा माझा व्यवहारी विचार.

मंडळाची अट होती की मुलीने आदिवासी पोशाखात यावं. मोनालीने नवा पंजाबी ड्रेस शिवून ठेवला होता, फिकट जांभळा. त्यात ती आदिवासी दिसत नाही, असं दोघीतिघींचं मत पडलं. शाळेच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणाऱ्याकडून पोशाख मागवला. घागरा, चांदीच्या रंगाचे ढीगभर दागिने. मोनालीने तो हातात घेऊन पाहिला आणि मला हळूच म्हणाली, "बाई, हे आमचं नाही. हे वर सातपुड्यातल्या पावरा लोकांचं आहे. आम्ही भिल." मी म्हटलं, घाल गं, तासाभराचा प्रश्न आहे, यांना कुठे फरक कळतोय.

तिने घातलं. नारळ, साडी, फुलं, फोटो. कुसुमलताने भाषणात सांगितलं की आता या समाजाला काही कमी राहिलं नाही. एकीने मोनालीला नाच करून दाखवायला सांगितलं. तिने माइक हातात घेतला आणि म्हणाली, मला नाचता येत नाही, मला नर्स व्हायचंय. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला, आणि तू तो कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात लावलास.

दिवाळीनंतर मोनालीचं नाव सरकारी नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं, अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर. अट एकच, जातीची पडताळणी करून ते प्रमाणपत्र दिलेल्या तारखेच्या आत जमा करायचं. तिच्याकडे जातीचा दाखला होता. तिच्या शाळेत तिची जात बरोबर लिहिलेली होती, कारण तिला शाळेत घातलं तेव्हा माझ्यासारखं शहाणं तिथे कुणी नव्हतं. पण पडताळणीत बापाचा, आजाचा पुरावा मागतात. तू शाळेत जाऊन नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढलीस आणि तशीच माझ्याकडे घेऊन आलास.

टेबलावर तो कागद ठेवलास. मला चष्मा लावायची गरज पडली नाही.

"हाई ते तुमनं अक्षर शे, बाई," तू म्हणालास.

मग मी बोलत सुटले. गुरुजींची हजेरी, माठ, समाजशास्त्र, सगळं. पंधरा मिनिटं तरी बोलले असेन. तू खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होतास, जसा वर्गात बसायचास. माझं संपल्यावर तू कागदाची घडी घातलीस आणि म्हणालास, "तुम्ही ते चांगलासाठेच करं व्हतं." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्यास तर मला झोप लागली असती.

मी प्रतिज्ञापत्र केलं. वकिलाकडे जाऊन, शिक्का मारून, की ही नोंद माझी, ती मी स्वतःच्या डोक्याने केली, मुलाचा बाप भिल्ल होता आणि त्याने मला तसं सांगितलं होतं. आपण दोघं कचेरीत गेलो. तिथला कारकून सभ्य होता, मला बसायला खुर्ची दिली. त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही तेव्हा खरं लिहिलंत की आता खरं लिहिताय?" मी म्हटलं, आता. तो म्हणाला, "तुमच्यावर विश्वास आहे हो. पण उद्या दहा मास्तर दहा माणसं घेऊन येतील आणि हेच म्हणतील. आम्ही कागद बघतो." मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. खोटे दाखले काढणारे पुष्कळ आहेत, आणि ते कागद तुझ्यापेक्षा नीट आणतात. त्यात सोनवणे हे आडनाव दहा जातींत सापडतं. तेही मीच दिलेलं.

वनाचा पुरावा? वना शाळेत गेलाच नाही. तुझा काका? तोही नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या निघाल्या, पण हव्या त्या सालांची पानं उलगडताना हातातच तुटली. नोंदवही दुरुस्त करायचा अर्ज दिला, तो या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. तारीख तिच्या गतीने जवळ येत होती.

मग चौकशीचं पथक तुझ्या दुकानात आलं. दोघे जण, फाइल घेऊन. ते लोक जमातीच्या चालीरीती विचारतात, देव कोणते, लग्नात काय करता, माणूस गेल्यावर काय करता, आणि उत्तरांवरून ठरवतात की हा माणूस खरा त्या जमातीतला की नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हते. तू मला फोनवर सांगितलंस ते असं. त्यांनी देव विचारले, तू म्हणालास कानबाई. ते म्हणाले, कानबाई तर सगळा खानदेश बसवतो, तुमचा वेगळा देव कोणता? तू म्हणालास, "आम्ही बठ्ठासारखंच करतस, साहेब." सगळ्यांसारखंच. लग्नाचं विचारलं, तेच उत्तर. मयताचं विचारलं, तेच. मान वर करून सांगितलं असशील, याची मला खात्री आहे.

अरे, वना गेला तेव्हा भिलाटीत काय काय झालं ते मी स्वतः येऊन पाहिलंय. गावात दुसरं कुणी तसं करत नाही. तुमचे डोंगरावरचे देव, शेताच्या बांधावरचा तो वाघाचा दगड, कुंदाबाई कोंबडं घेऊन तिथे जाते ते. मी फोनवर ओरडले, हे सगळं का नाही सांगितलंस? या वेळी मागून हॉर्नही वाजला नाही.

"तुम्हीनच सांगेल व्हतं ना, बाई."

आणि शेवटी, साहेबांचं समाधान होईना म्हणून, तू मोनालीचा पेपरातला फोटो काढून त्यांच्या हातात दिलास. त्यातला मोठा साहेब माहीतगार निघाला. त्याने विचारलं, हा पोशाख पावरांचा, तुम्ही तर भिल्ल म्हणता, मग हे काय?  त्यांनी त्याचीही नोंद केली.

निकाल आला, दावा सिद्ध होत नाही. तारीख गेली. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी कुसुमलताला सांगितलं तर ती खरोखर हळहळली. म्हणाली, "पण असं कसं, अक्का? तिच्याकडे बघूनच कळतं की." या वाक्याची झेरॉक्स जोडता आली असती तर काम झालं असतं. रंग बघून माठापासून लांब ठेवायला कुणी कधी कागद मागितला नव्हता. जागा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र कागद लागला, आणि त्यावर माझं अक्षर.

मी गटात एकदा हे सगळं लिहिलं. चार जणांनी रडका चेहरा टाकला. त्याच मास्तरांनी लिहिलं, खरे असते तर सिद्ध झालं असतं. मी गट सोडला. त्याने काय झालं? काहीच नाही.

वकील म्हणाले, खंडपीठात जाता येईल, पण पुरावा नवा हवा, आणि वर्षं लागतात. तू म्हणालास, पाहू. मोनाली आता धुळ्यात एका खासगी दवाखान्यात चादरी बदलते, पेशंटला उठवते-बसवते. पेशंट तिला सिस्टर म्हणतात आणि ती दर वेळी सांगते, मी सिस्टर नाही. रविवारी तिला सुट्टी नसते, त्यामुळे ती माझ्याकडे येत नाही. मंगळवारी येते कधीकधी. इंग्रजीचं पुस्तक काढत नाही, मीही काढत नाही. चहा पिते आणि जाते.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तू घरी आलास, आंबे आणि कुंदाबाईने केलेले सांजोऱ्या-मांडे घेऊन. दोन मांडे तू मला आग्रहाने खाऊ घातलेस. मग विषय काढलास. त्या पानावर अकरा नावं आहेत. तुझं एक झालं. बाकीची दहा घरं भिलाटीत आहेत, त्यांची नातवंडं आता दहावी-बारावीला येतायत. नथ्थूचा नातू पोलिसभरतीचं म्हणतोय, त्यालाही हाच दगड आडवा येणार. आत्तापासून धावपळ केली, नोंद दुरुस्तीचे अर्ज केले, लांबच्या नातेवाइकांकडचे जुने कागद शोधले, तर एखाद-दोन घरं तरी सुटतील. तू त्यांना सांगून पाहिलंस, पण त्यांचा विश्वास बसत नाही. नथ्थू तर हसला म्हणे. म्हणाला, आते आपलीच बाई वर बठेल शे, आपले कोन आडावनार?

"तुम्हीन सोता चला, बाई," तू म्हणालास. "मी सांगस ते कोनी मानत नही. तुमना तोंडतून आयकतीन."

मी म्हटलं, येत्या रविवारी येते. तू म्हणालास, फाट्यावर रिक्षा घेऊन उभा राहतो, भिलाटीपर्यंत चालायला नको.

पहिल्या रविवारी मी साडी नेसून तयार झाले आणि तुला कळवलं की गुडघा दुखतोय. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले म्हणून सांगितलं. पाहुणे आले नव्हते. तिसऱ्या रविवारी फोनच केला नाही.

गुडघा दुखतो हे खरं आहे, पण कारण ते नाही. कारकुनासमोर मी कबूल केलं, वकिलासमोर केलं, कागदावर सही करून केलं. पण नथ्थूची आई अजून आहे. नव्वदीला टेकलीय, दिसत नाही तिला. मी गावात गेले की ती आवाजावरून मला ओळखते, वाकून माझे पाय चाचपते आणि आजूबाजूच्या सुनांना सांगते, या बाईंनी आमच्या पोरांना नाव दिलं. तिच्यासमोर उभं राहून मी काय सांगू, याचं पहिलं वाक्य मला अजून सुचलेलं नाही. आखाजी होऊन पाच महिने झाले. नथ्थूच्या नातवाने भरतीचा अर्ज भरला असं कानावर आलंय.

त्या तिसऱ्या रविवारीही तू फाट्यावर रिक्षा थांबवून ठेवली होतीस, दुपारी एकपर्यंत. हे तू मला सांगितलं नाहीस. मोनालीने सांगितलं.